गाठ साखर खाते

बोलक्या बाईला नोकरी कोणती मिळावी? लोकांना तासभर गप्प बसवायची. माहेरी पारनेरला आई म्हणायची, "हिच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचाय." लग्न होऊन नगरला आले, नवऱ्यानं दोन-चार वर्षं प्रयत्न केला आणि नाद सोडला. शेवटी ते काम एका मशीननं केलं. नगरच्या एका हॉस्पिटलात मी आधी एक्स-रे काढायचे, मग सीटी स्कॅन, आणि निवृत्त होईपर्यंतची शेवटची वर्षं पेट स्कॅन विभागात तंत्रज्ञ होते. तिथं सुई दिली की पेशंटनं तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं. मी काचेच्या अलीकडे बसायचं आणि फार तर खाणाखुणा करायच्या. त्यामुळे माझं दिवसभराचं सगळं बोलणं सुईआधीच्या दहा मिनिटांत कोंबलं जायचं. त्या दहा मिनिटांतलं एक वाक्य मला फार महागात पडलं. माझ्यापेक्षा दुसऱ्यांना जास्त. ते सांगायलाच बसले आहे.

आधी काम सांगते, कारण नातेवाईकसुद्धा मला अजून "फोटो काढणारी" म्हणतात. फोटोच काढायचे, पण आधी अंगात साखर सोडून. आमच्या सुईत साखर असते, खरी नव्हे, साखरेची हुबेहूब नक्कल. तिला एक किरणोत्सारी कण चिकटवलेला असतो. शरीरातल्या ज्या पेशींना साखरेची भूक जास्त, त्या ही नक्कल खरी समजून आत घेतात. ही साखर दुसऱ्या कुलपाच्या चावीसारखी असते. कुलपात शिरते, अर्धी फिरते आणि अडकून बसते. पुढं जाता येत नाही, मागं येता येत नाही. तासाभरानं मशीन पाहतं, कुठं किती चाव्या अडकल्यात. जिथं जास्त, तिथं चित्रात केशरी-पिवळं चमकतं. कॅन्सरच्या बहुतेक गाठी भयंकर खादाड असतात, म्हणून त्या चमकतात.

ही साखर रोज पहाटे पुण्याकडून गाडीनं यायची, शिशाच्या जड डब्यात. तिचा स्वभाव असा, की दोन तास व्हायच्या आत निम्मी उरते. बर्फाचा गोळा घेऊन उन्हातून निघालेल्या माणसासारखी आमच्या ड्रायव्हरची गत असायची. शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं की इकडं आमचा जीव खालीवर. एकदा कामरगावच्या घाटात कांद्याचा ट्रक आडवा झाला आणि सहा पेशंटांना उपाशीपोटी परत पाठवावं लागलं. त्यातल्या एका आजोबांनी मला जी शिवी दिली, ती मी मुद्दाम लक्षात ठेवली आहे. इतकी ठसकेबाज शिवी हल्ली ऐकायला मिळत नाही.

उपाशीपोटी यायचं हा पहिला नियम, आणि त्यावर आपल्या लोकांची अक्कल कशी चालते ते विचारू नका. "उपाशी या" म्हटलं की एखादी बाई साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू आणि दोन केळी खाऊन यायची. "काहीच खाल्लं नाही, नुसता फराळ केलाय." दुसरा देवदर्शन करून पेढा खाऊन आला आणि माझ्यावरच डाफरला, "परसादाला खानं म्हनत्यात व्हय?" दुसरा नियम, आदल्या दिवसापासून कष्टाचं काम करायचं नाही, कारण राबलेला स्नायूही साखर ओढतो. एक जुना पैलवान तपासणीत नापास व्हायला नको म्हणून पहाटे शंभर बैठका मारून आला. चित्रात त्याच्या दोन्ही मांड्या दिवाळीतल्या आकाशकंदिलासारख्या उजळल्या. पाथर्डीकडची ऊसतोडीची एक बाई फडातून थेट आली होती. तिचे खांदे आणि दंड असे चमकत होते की डॉक्टरांनी चार दिवस विश्रांती घेऊन परत या म्हणून सांगितलं. ती खरोखर गोंधळली. "बसून काय करायचं असतं, ताई?" तिनं मला विचारलं.

तर हे सगळं मी पेशंटना समजावून सांगायचे. आमच्यातले बरेच जण सांगत नाहीत, सुई टोचतात आणि मोकळे होतात. मला ते पटायचं नाही. अंगात काय सोडताय हे माणसाला कळायला नको? माझं एक छोटं भाषणच तयार झालं होतं आणि त्यातलं मुख्य वाक्य होतं, "गाठ साखर खाते, म्हणून आम्ही तिला साखरेनं पकडतो." लोकांना ते आवडायचं. आमचे डॉक्टर मात्र एकदा म्हणाले, "बाई, तुमचं भाषण छान आहे, पण त्याला शेवट नाही." मला राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

भानुदासनाना आले ते त्याच सुमारास, हिवाळ्यात. श्रीगोंदा तालुक्यातले, काष्टीजवळच्या एका वस्तीवरचे. उभं आयुष्य एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेलेलं. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर काळी चिकट मळी उरते, ती मोठ्या टाक्यांत यीस्ट घालून आंबवायची आणि तिचा मद्यार्क करायचा. त्या टाक्यांवर हे ऑपरेटर. वय एकसष्ट, अंगानं भरलेले, वजन अडुसष्ट किलो. मानेत लिंबाएवढ्या गाठी. लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला होता, पण किमोला चांगली दाद देणाऱ्या जातीचा. उपचार पूर्ण झाले तर बरं होण्याची आशा भरपूर, असं त्यांना कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पूर्ण झाले तर" हे शब्द लक्षात ठेवा.

बोटाला सुई टोचून रक्तातली साखर तपासताना नानांनी विचारलं, "मॅडम, इंजेक्शनात काय हाय?"

मी भाषण सुरू केलं. गाठ साखर खाते इथपर्यंत आले आणि नाना ताडकन उठून बसले. "खाते म्हंजी काय करती? हवा घेऊन जाळती, का आंबवती?"

इतक्या वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात दुखेल का, खर्च किती, कधी सुटायचं. मी खूश होऊन सांगितलं, की शंभरएक वर्षांपूर्वी एका जर्मन शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं. धडधाकट पेशी प्राणवायू घेऊन साखर पुरती जाळतात, थोड्या साखरेत पुष्कळ काम. कॅन्सरच्या पेशी प्राणवायू असूनसुद्धा बरीचशी साखर नुसती आंबवतात. त्यात ताकद थोडी मिळते, म्हणून साखर जास्त ओढतात.

"हवा असून आंबवत्यात?" नानांचे डोळे लुकलुकायला लागले. "आवं, मळी जादा झाली की आमचं यीस्ट बी हेच करतं! हवा सोडली तरी ऐकत न्हाई, आंबवतच बसतं. म्हंजी माझ्या मानंत टाकीच चालू हाय म्हना की!"

मी सुई दिली आणि तोंडावर बोट ठेवलं. पुढचा तासभर तो माणूस शाळेतल्या पोरासारखा हात वर करत होता आणि मी काचेआडून मान हलवत होते. दोन बोलके जीव आणि मध्ये काच. स्कॅन संपवून बाहेर आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "ती चावी अर्धी अडकती म्हनला न्हाई का? मग लई चाव्या घालून समदी कुलपंच जाम केली तर?"

हीच शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. मी सांगितलं, अशी औषधं करून पाहण्याचं काम कितीतरी वर्षं चाललंय. कुणी कुलूप जाम करू पाहतं, कुणी पेशीचं दारच बंद करू पाहतं.

"म्हंजी साखर तोडली तर गाठ मरंल?"

त्याच वेळी पुढचा डोस आत आला. तो निम्मा व्हायच्या आत पुढच्या पेशंटला द्यायचा होता. मी डबा उचलता उचलता पाठमोरी म्हणाले, "तेच तर शोधतायत सगळे!"

उत्तर खोटं नव्हतं. अर्धं होतं.

दोन महिन्यांनी नाना परत आले. किमोचे पहिले डोस झाले की गाठी किती विरघळल्या ते बघायला पुन्हा स्कॅन करतात. नाव पुकारलं आणि समोर एक वाळका माणूस उभा राहिला. कमरेला पट्ट्याऐवजी सुतळी. मी कागद पाहिला, माणूस पाहिला, परत कागद पाहिला. काट्यावर उभं केलं तर पंचावन्न किलो.

"किमोचा त्रास झाला फार?" मी विचारलं.

द्वारकाबाई, नानांची बायको, जणू कुणीतरी हे विचारावं याचीच वाट पाहत होत्या. "किमोचा कसला वो त्रास! ह्यांच्या डोस्क्याचा तरास हाय. भाकरी बंद, भात बंद, फळ बंद, च्या बंद. कारल्याचा रस आन उकडल्याली मेथी. मी रोज डबा बांधते आन रोज गाईला घालते. मोठ्या डॉक्टरनं मागचा किमो पुढं ढकलला. म्हनले, अजून वजन उतरलं तर सलाईन लावायचंच न्हाई, सोसायचं न्हाई अंगाला. ऐकत्यात का कुनाचं!"

नाना हसत होते. गालांची हाडं वर आली होती तरी हसू तेच. "टाकीची मळी बंद केलीय, मॅडम. मळी तोडली की दोन दिसात फेस बसतो, तीस वर्सं बघितलंय म्या. तुमीच तर सांगितलं, गाठ साखर खाती."

मी खुर्चीवर बसलेच.

"आन नुसतं सोताचं न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "शेजारची शेवंताआजी, तिला बी छातीचा क्यान्सर. तिच्या पोरांना ह्यांनी पटवलं. म्हातारीचा च्या तोडला, गूळ तोडला. ती रोज वट्यावर बसून मला इचारती, द्वारके, माजं काय चुकलं गं?"

इतकी वर्षं मी ते वाक्य किती जणांना सांगितलं असेल? आणि त्यांनी आपापल्या गल्लीत किती जणांना? माणसांना नीट समजावं म्हणून मी बोलत होते, आणि कुठल्या तरी ओट्यावर एक म्हातारी माझ्यामुळे गुळाच्या खड्याला महाग झाली होती. मला माझीच लाज वाटली, आणि डॉक्टरांवर धरलेला रागही आठवला.

पण लाज वाटून काय होतं? नानांचं बोट तर टोचायचंच होतं. नियम आहे, सुईआधी रक्तातली साखर पाहायची. नाना तर त्याचीच वाट पाहत होते. बाही सारून बोट पुढं करत म्हणाले, "आज बगा, तुमचं मीटर काईच दावायचं न्हाई. दोन महिने साखरेचा कन पोटात न्हाई, आन काल सांजच्यापून निस्तं पानी."

मी टोचलं. मीटरनं आकडा दाखवला: चौऱ्याण्णव.

नानांनी मान पुढं काढून पाहिलं. "परत करा."

दुसरं बोट. ब्याण्णव. "ती पट्टी खराब असंल. नवी डबी फोडा." एरवी मी अशा पेशंटला गप्प बसवलं असतं, पण मी नवी डबी फोडली. तिसरं बोट. त्र्याण्णव. धडधाकट माणसाची उपाशीपोटी असावी तितकी, अगदी बरोबर.

नाना तिन्ही पट्ट्या ओळीत मांडून बघत राहिले. आयुष्यभर टाकीतला नमुना काढून मोजलेला माणूस, आकड्याशी भांडायची त्याची रीत नव्हती. मग त्यांनी विचारलं, "कुठून आली?"

मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्याच मांडीवर ठेवला. पँट तिथं रिकाम्या पोत्यासारखी लोळत होती. "इथून," मी म्हणाले. "नाना, टाकीला मळीचा पाईप बाहेरून येतो, तो बंद करता येतो. अंगाला पाईप आतूनही आहे. तुम्ही खाल्लं नाही तरी मेंदूला साखर लागते, म्हणून यकृत ती तयार करतं. कशापासून? तुमच्या मांड्या, दंड, पाठ, सगळं मोडून. आणि रक्तात आलेली साखर गाठीलाही मिळते. तुम्ही गाठीला उपाशी नाही ठेवलं. तुम्ही उपाशी राहिलात."

मी सुई दिली आणि त्या दिवशी तोंडावर बोट ठेवायची गरज पडली नाही. तासभर नाना छताकडं बघत पडून होते. काचेतून मला त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या दिसल्या. मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, माझ्या भाषणाला शेवट नव्हता." त्यांनी टोमणा मारला नाही. लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आहारतज्ज्ञ बाईंना खाली बोलावून घेतलं.

आता खरी गंमत ऐका. स्कॅन झालं आणि चित्र चांगलं आलं. मानेतल्या गाठी बारीक झाल्या होत्या, चमक बरीच उतरली होती. तंत्रज्ञांनी पेशंटला निकाल सांगायचा नसतो, तो डॉक्टरांचा मान. त्यांनी नाना-द्वारकाबाईंना आत बोलावून जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. "किमोला छान दाद देतंय," ते म्हणाले.

नानांचा चेहरा एकदम उजळला. "किमो न्हाई, सायेब! मळी बंद केली म्हनून फेस बसला! म्हंजी माजं बरुबरच हुतं!"

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. तीन पट्ट्यांनी कमावलेलं एका चित्रानं घालवलं. डॉक्टर शांतपणे समजावू लागले, पण मला कुठला दम. मी दारातनंच बोट दाखवून म्हणाले, "नाना, डोकं बघा. डोकं!"

दोन्ही चित्रांत मेंदू सारखाच पेटलेला होता. भट्टीतल्या निखाऱ्यासारखा, आधीही तसाच, आताही तसाच.

"मेंदू गाठीसारखाच साखरेवर जगतो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या उपासानं साखरेचा पुरवठा तुटला असता तर आधी हे विझलं असतं. तुम्ही इथवर चालत आला नसता. हे जसंच्या तसं आणि गाठी तेवढ्या विझल्यात. म्हणजे गाठींना कुणी मारलं?"

नाना दोन पावलं पुढं गेले. या चित्रातून त्या चित्रात बघू लागले, मेंदू, मान, परत मेंदू. मग हळूहळू नजर खाली, जुन्या चित्रातल्या भरदार मांड्यांवर आणि नव्या चित्रातल्या काटक्यांवर आली.

"म्हंजी मळी तोडतुय समजून," ते म्हणाले, "म्या सोतालाच उसागत गाळपाला घातलं."

द्वारकाबाईंनी पिशवीतून डबा काढला. त्या दिवशीही त्यांनी बांधून आणलाच होता. बाहेरच्या बाकावर नानांनी बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली, हळूहळू, दर घासाला थांबून. सुईनंतर काही तास पेशंटच्या अंगातून किरणं निघत असतात, म्हणून मी दोन हात लांब उभी होते. नाहीतर मीच भरवायला बसले असते. चहा आला तेव्हा त्यांनी कप हातात धरून आधी मला विचारलं, "घालू?" मी म्हटलं, "घाला. तुम्हाला मधुमेह नाही. असता तर वेगळं बोलले असते."

निघताना मी नेहमीची सूचना दिली, आज लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यापासून लांब राहायचं.

"आन म्हातारी?" नानांनी विचारलं.

"म्हातारी चालेल."

"मग गावात शिरल्या शिरल्या आधी शेवंताआजीकडं," ते द्वारकाबाईंना म्हणाले. "घर मागनं."

त्या दिवसापासून माझं भाषण बदललं. ऐका, आता फुकट आहे, आणि दिवाळीचा लाडू हातात असेल तर तो खाली ठेवू नका. गाठ साखर खाते, हे खरं. पण मेंदू खातो, हृदय खातं, राबणारा हात खातो, आणि दार सगळ्यांना बहुतेक एकसारखंच. म्हणून ते कुलूप जाम करायचं औषध अजून हाताशी आलेलं नाही. गाठीला उपाशी ठेवायला जावं तर मेंदूही उपाशी राहतो. शिवाय गाठी लबाड असतात, साखर अडवली की दुसरं काहीतरी खायला शिकतात. फक्त गाठीचं तेवढं दार कसं अडवायचं यावर माणसं डोकी झिजवतायत आणि मला त्याचं अजूनही तितकंच कुतूहल आहे. निघेल एखादा मार्ग. पण तो प्रयोगशाळेतून आणि तुमच्या डॉक्टरांकडून येईल, स्वयंपाकघरातल्या डब्याला कुलूप लावून नाही. आजारी माणसानं काय खायचं ते डॉक्टरला विचारा, आणि तो सांगेल ते पोटभर खा. हा झाला शेवट. सांगायला मिनिटसुद्धा लागत नाही. डोस कितीही घाईचा असला तरी तेवढा उरतो.

उपचार संपल्यावर नाना तिसऱ्यांदा आले, ते माझ्या नोकरीचे शेवटचे दिवस होते. एकही किमो पुन्हा पुढं ढकलावा लागला नव्हता. वजन चौसष्ट. सुतळी जाऊन पट्टा आला होता. बोट पुढं करून त्यांनी स्वतःच अंदाज सांगितला, "पंच्याण्णव," आणि सत्त्याण्णव निघाल्यावर, "जवळ हाय," म्हणाले. चित्रात मान स्वच्छ होती. हृदय, मूत्राशय आणि मेंदू एवढंच चमकत होतं, ते चमकायचंच. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, आता आजार दिसत नाही, तपासत राहू.

"म्हंजी आता साखर निस्तं डोस्कंच खातंय," नाना म्हणाले.

"खाऊ द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "लई दिसांनी कामाला लागलंय."

आम्ही सगळे हसलो. डॉक्टरसुद्धा. मग बाहेर बाकाशी आलो तेव्हा मला धीर करून विचारावं लागलं, कारण आठ महिने ते नाव माझ्या मनातून गेलं नव्हतं. "शेवंताआजी कशा आहेत?"

नानांचं हसू मावळलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गेली, मॅडम. गुढीपाडवा झाल्यावर. लई पसरलं हुतं तिचं, डॉक्टर म्हनले, च्या तोडला नसता तरी ती जानारच हुती. आसंल. पर ते दोन महिने म्या तिचे खाल्ले, ते काई मला फेडता येत न्हाई." ते पुढं म्हणाले, "त्या दिशी इथून गेलो ना, तवा तिच्या वट्यावर बसून म्या आधी च्या पिला तिच्यासमोर. मंग तिला दिला. पोरांच्या पाया पडलो, म्हनलं माजं चुकलं. मंग रोज सांजच्याला आमी दोगं च्या पित हुतो, शेवटपातुर. गुळाचा. तिला साखर आवडायची न्हाई, तिला गूळच लागायचा."

चहावाला आला. मी दोन कप घेतले. माझ्या कपात त्या दिवशी गूळ घालायला सांगितला. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गूळ कुठून असणार? नानांनी खिशातून कागदाची पुडी काढली, तीत एक खडा होता, आणि तो दातानं मोडून अर्धा माझ्या कपात टाकला.

"उपाशी न्हाई गेली ती," ते म्हणाले. "खाऊन गेली."